सॉटूथमधून बासरी काढायची कशी?

गणपतीचा सीझन तोंडावर आला की बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर कीबोर्डांची थप्पी लागते, आणि या सदराकडे पत्रांची. एरवी ‘की अडकली’, ‘अडाप्टर उडाला’, ‘डिस्प्ले दिसेना’ हेच असतं. या खेपेला अ‍ॅनालॉग सिंथेसायझरची पत्रं जास्त आहेत, म्हणून दुरुस्तीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवते. कीबोर्ड अडलेल्यांनी रागावू नये.

ताई, मी खानापूरचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. गोव्यातल्या दोस्ताकडनं मिनिमूगच्या धर्तीचा सेकंडहँड सिंथ घेतला. त्यात एकही टोन भरलेला नाही. जुन्या कीबोर्डावरनं मिडी केबल लावून वाजवतोय, पण कुठलंही बटण फिरवलं तरी नुसती भुणभुण. बासरी नाही, सनई नाही, ट्रम्पेट नाही. दोस्त म्हणतो, ‘आवाज तूच करायचा की.’ म्हणजे काय करायचं सांगा की.

दोस्त खरं बोलला. तुझ्या जुन्या कीबोर्डात कुणीतरी वाजवलेल्या सनईचं रेकॉर्डिंग भरलेलं आहे, की दाबली की ते बाहेर पडतं. या डब्यात कुणाचंच रेकॉर्डिंग नाही. यात आहेत लहर तयार करणारे ऑसिलेटर, त्यांच्यापुढे त्या लहरीतलं काही गाळणारा फिल्टर आणि शेवटी आवाज लहानमोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. रॉबर्ट मूग यांनी 1964 साली व्होल्टेजच्या हुकुमात चालणारे हे भाग सुटे सुटे बनवले आणि तारांनी जोडायची सोय ठेवली. 1970 च्या मिनिमूगमध्ये तेच आतून जोडून कीबोर्डासकट एका पेटीत बसवले. तुझ्याकडे आलंय ते त्याच जोडणीचं.

भुणभुण येते म्हणजे ऑसिलेटर ठणठणीत आहे. तो कच्चा माल आहे, आणि तो मुद्दाम भरगच्च ठेवलेला असतो. 110 हर्ट्झचा सा धर, पेटीच्या हिशेबात खालची पांढरी सहा. सॉटूथ ही करवतीच्या दात्यांच्या आकाराची लहर लावली असशील तर 110 बरोबरच 220, 330, 440, 550 असे सगळे पट एकाच वेळी वाजत असतात. दुसऱ्या पटाची ताकद मूळ स्वराच्या निम्मी, तिसऱ्याची एक तृतीयांश, चौथ्याची एक चतुर्थांश, असे ते वर बारीक होत जातात. स्क्वेअरमध्ये फक्त विषम पट असतात: 110, 330, 550, 770. ट्रँगलमध्येही विषमच, पण तिसऱ्याची ताकद एक नवमांश, पाचव्याची एक पंचविसांश, म्हणून तो ऐकायला मऊ.

हे वाचून कळत नाही, कानानंच कळतं. आज रात्री एवढं कर. मिक्सरमध्ये एकच ऑसिलेटर चालू ठेव, सॉटूथवर. फिल्टरचा ‘अमाउंट ऑफ कॉन्टूर’ शून्यावर, लाउडनेसचा सस्टेन पूर्ण. ‘एम्फसिस’ हे बटण चढवत ने आणि फिल्टर स्वतःच शिटी मारू लागायच्या जरा अलीकडे थांब. बाकीच्या सिंथवर या बटणाला रेझोनन्स म्हणतात. आता एका हातानं तो खालचा सा दाबून धर आणि दुसऱ्या हातानं कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून वरचे पट कापतो ती हद्द, डावीकडून उजवीकडे फिरव. घाई करू नको, अगदी रांगत ने.

एकेक स्वर भुणभुणीतून उठून येईल. आधी सा, मग वरचा सा, मग त्याच्यावरचा प, मग आणखी वरचा सा, मग ग, पुन्हा प, मग थोडा उतरलेला कोमल नी. तू एकच की धरलेली आहेस. हे सगळं त्या एका स्वराच्या पोटात आधीपासून होतं, फिल्टरनं फक्त एकेकाला पुढे केलं. तानपुरा चांगला लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो हाच पाचवा पट.

मग ऑसिलेटर स्क्वेअरवर ने आणि पुन्हा तसंच कटऑफ फिरव. सा आला की थेट प, मग ग, मग नी. मधला वरचा सा नाही. कितीही फिरव, येणार नाही, कारण 220 त्या लहरीत नाहीच. ज्या सिंथवर पल्सची, म्हणजे चौकोनी लहरीच्या वरच्या भागाची, रुंदी बदलता येते तिथे ती एक तृतीयांशावर ठेवली तर तिसरा, सहावा, नववा पट जातो, म्हणजे पंचम गायब. माझ्या शिकवणीतली पोरं हे ऐकून हसतात, आणि मग तासभर तेच करत बसतात.

या पद्धतीचं सगळं गणित इथेच आहे. फिल्टर असलेल्यातलं काढतो, नसलेलं देऊ शकत नाही. त्यामुळे ‘बासरीसाठी कटऑफ किती ठेवू’ हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायचं, मला हव्या त्या आवाजात कुठले पट आहेत. बँडवाल्यांचं क्लॅरोनेट खालच्या स्वरांत विषम पटांवर चालतं, कारण एका बाजूनं बंद अशी ती सरळ नळी आहे. तिथे स्क्वेअर घे. बासरीत वरचे पट कमी, म्हणून ट्रँगल घे आणि त्यात चिमूटभर नॉइज मिसळ, फुंकेचा. सॉटूथ घेऊन कटऑफ मूळ स्वराच्या जवळ आणलास तरी बासरीसारखं काही निघेल. ट्रम्पेटला मात्र सॉटूथच.

आता दुसरी गोष्ट, आणि नवशिके इथेच मार खातात. बटणं एका जागी ठेवून वाजवलं तर कितीही छान लहर असली तरी यंत्राचाच आवाज येतो. ट्रम्पेटमध्ये फुंक जोरात गेली की वरचे पट जास्त येतात, आणि सुरुवातीला ते मूळ स्वराच्या थोडे मागून येतात. फ्रेंच संगीतकार जाँ-क्लोद रिसे यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ट्रम्पेटचे स्वर कॉम्प्युटरवर फोडून हे दाखवलं. म्हणून फिल्टरला एन्व्हलप लागतो, म्हणजे की दाबल्यापासून कटऑफ वरखाली नेणारी सोय; मिनिमूगवर तिलाच कॉन्टूर म्हणतात. अटॅक म्हणजे चढायचा वेळ, डिके उतरायचा, सस्टेन म्हणजे की धरली असेतो टिकणारी पातळी. कटऑफ खाली ठेव, कॉन्टूरची मात्रा निम्म्याच्या आसपास, फिल्टरचा अटॅक 60-70 मिलिसेकंद, डिके मध्यम, सस्टेन निम्म्याहून थोडा वर. लाउडनेसचा अटॅक फिल्टरपेक्षा लवकर. की दाबल्यावर आवाज आधी येईल आणि त्याच्या मागून उजळेल. तो उजळण्याचा क्षण कानाला पितळ वाटतो.

अटॅक शून्य, डिके 300 मिलिसेकंद, सस्टेन शून्य केलंस की त्याच लहरीतून छेडलेली तार निघेल. एवढाच फरक. मिनिमूगच्या धर्तीच्या यंत्रांत रिलीजला वेगळं बटण नसतं, ‘डिके’ नावाचा स्विच चालू केला की की सोडल्यावरही आवाज डिकेच्या वेळेइतका विझत जातो. हे माहीत नसलं की लोक रिलीज शोधत बसतात.

राहिली सनई. अरुंद पल्स घे, एम्फसिस थोडा दे, कटऑफ मधल्या वरच्या पट्ट्यात ठेव. सनईच्या गावचं काहीतरी येईल. पण लग्नाच्या मांडवात यजमानाला जी सनई ऐकायची आहे ती येणार नाही, आणि माझं ऐकशील तर त्यामागे लागू नको. ती जुन्या कीबोर्डावरच वाजव. नव्या यंत्राकडून बास घे, लीड घे. त्या दोन कामांत तुझा जुना कीबोर्ड त्याच्यापुढे उभा राहणार नाही.

मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. मुलगा सिंथेसायझर शिकतोय. तो म्हणतो, ‘बाबा, तुमचं आमचं काम एकच, जास्तीचं काढून टाकायचं.’ हे कितपत खरं? आणि काढलेलं जातं कुठं? आमच्याकडं तर खाली बोऱ्याचा, कापलेल्या लोखंडाच्या किसाचा, ढीग पडतो.

दादा, पोरगं हुशार आहे. सळी जॉबपेक्षा जाड घ्यावी लागते, तशी लहर हव्या त्या आवाजापेक्षा भरलेली घ्यावी लागते, इथवर तुमचं त्याचं एकच. पण तुमचं टूल मापावर थांबतं. फिल्टर मापावर थांबत नाही, उतार करतो. मूग यांचा फिल्टर सप्तकाला 24 डेसिबलचा आहे. कटऑफच्या एक सप्तक वर जो पट असेल त्याची ताकद साधारण सोळाव्या हिश्शावर येते. 12 डेसिबलचा फिल्टर असेल तर चौथ्या हिश्शावर. म्हणून 12 चा फिल्टर मोकळा, खरखरीत वाटतो आणि 24 चा दाट. कुठला चांगला असं नाही. बाससाठी मी 24 चा घेते.

बोऱ्या पडत नाही. मूग यांच्या फिल्टरमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक असतात, चार पायऱ्यांवर एकेक कपॅसिटर. प्रत्येक पायरी 6 डेसिबलची, चार मिळून 24. कपॅसिटर भरायला-रिकामा व्हायला वेळ लागतो. सावकाश हलणारं व्होल्टेज तो बिनबोभाट पुढे देतो. फार भराभर हलणाऱ्याला तो पुरा पडत नाही, ते हलणं तिथेच सपाट होतं. म्हणजे वरचे पट पुढच्या पायरीवर पोचतच नाहीत. कटऑफचं बटण फिरवलं की शिडीतून जाणारा करंट बदलतो. करंट वाढला की ट्रान्झिस्टरचा अवरोध कमी, कपॅसिटर लवकर भरतो, कटऑफ वर. या रचनेचं पेटंट मूग यांना 1969 मध्ये मिळालं.

शिडीच्या टोकाचा आवाज उलटा करून पुन्हा खालून आत सोडला की कटऑफच्या जागी टेकाड उठतं, तो रेझोनन्स. इथे मात्र तुमच्या लेथचा दाखला संपतो, कारण काढता काढता एका जागी माल वाढवणारं टूल अजून उद्यमबागेत आलेलं नाही. मुलाला एक सांगा: या फिल्टरमध्ये रेझोनन्स चढवला की खालचा भरणा पातळ होतो. बास अचानक हलका वाटला तर स्पीकरला दोष देऊ नये.

निपाणीहून लिहितो. वय 70. आमच्या भजनी मंडळात पेटी धरतो. नातवानं एक सिंथ आणलाय. त्यात मींड निघते म्हणतो. पेटीवाल्याला जे जन्मात जमलं नाही ते या यंत्राला जमतं का? आणि श्रुतीचं काय?

काका, मींड निघते, पण नातवानं ‘ग्लाइड’चं बटण फिरवून दाखवली असेल तर ती अर्धीच गोष्ट आहे. या यंत्रात स्वर म्हणजे व्होल्टेज. एक सप्तक म्हणजे बरोबर 1 व्होल्ट, एक पट्टी म्हणजे सुमारे 83 मिलिव्होल्ट. ग्लाइड लावला की व्होल्टेज एका पट्टीवरून दुसरीवर उडी न मारता सरकत जातं. पण ते दर वेळी एकाच चालीनं सरकतं. गाणारा मधे कुठे रेंगाळतो, कुठे घाई करतो, ते त्याला कळत नाही. त्यासाठी नातवाला डाव्या हाताचं पिच व्हील शिकायला सांगा. मुंबईचे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडच्या टीबी-303, ज्युपिटर-8 आणि टीआर-808 या यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड केले. त्यातला टीबी-303 हा एकच ऑसिलेटर आणि एक फिल्टर असलेला, बास गिटारची जागा घ्यायला बनवलेला लहानसा डबा. त्याच्या स्लाइडमधून रागातली सरक ऐकू येते, आणि फिल्टर उघडमीट करत असतो तोवर तोच स्वर रंग बदलत राहतो. एकदा ऐका. आवडेलच असं म्हणत नाही.

श्रुतीचं सांगते. वर खानापूरच्या मुलाला कटऑफ फिरवायला सांगितलंय, ते आपण नातवाकडून करून घ्या, पेटी मांडीशी घेऊन. लहरीतून उठलेला गंधार आणि पेटीचा गंधार जुळवून बघा. पेटी हल्लीच्या समान पट्ट्यांत लावलेली असेल तर पेटीचा गंधार चढा लागेल, 14 सेंटनी (एका पट्टीचे 100 सेंट). पेटीवर एवढ्यासाठी कानस घेऊन सूर घासायला बसावं लागतं. सिंथवर तो फरक जेमतेम 12 मिलिव्होल्टचा आहे. दोन ऑसिलेटर असतील तर एक सा वर ठेवून दुसरा हातानं गंधाराला लावा, दोघांच्या सुरांतली थरथर थांबेपर्यंत. पं. रामभाऊ विजापुरे यांनी ज्या बेळगावात पिढ्यान् पिढ्या पेटी शिकवली तिथल्या लोकांना ती थरथर कुठे थांबते हे मी सांगायला नको.

चिकोडी. बास झकास वाजतो, पण तीच सेटिंग ठेवून वरच्या सप्तकात गेलो की आवाज कोंदतो. फिल्टर बिघडला काय?

फिल्टर बरा आहे. कटऑफ जागेवर उभा आहे आणि स्वर वर गेलाय, त्यामुळे त्याचे पट कटऑफच्या पलीकडे जाऊन मरतात. कटऑफला कीबोर्डाबरोबर चालायला लावायचं असतं, त्याला की ट्रॅकिंग म्हणतात. मिनिमूगच्या घाटाच्या यंत्रावर ‘कीबोर्ड कंट्रोल’चे दोन स्विच असतात: एकानं कटऑफ एक तृतीयांश चालतो, दुसऱ्यानं दोन तृतीयांश, दोन्ही लावले की पुरा. लीडला दोन्ही लावा. बासला मी एकच लावते.

येळ्ळूरचा ग्रुप आहे आमचा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर सिंथ वाजवला. संध्याकाळी लावलेला सूर रात्री गार वारं सुटल्यावर पार बदलला. कंपनीला फोन करावा का?

फोन वाचवा. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरमध्ये व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर ट्रान्झिस्टर करतो, आणि ट्रान्झिस्टरचा हा गुण तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण 0.33 टक्के. भरपाई केलेली नसेल तर 10 अंशांच्या फरकात एका सप्तकाला 40 सेंटची चूक पडते, म्हणजे शेजारच्या पट्टीच्या जवळपास निम्म्या अंतरावर. म्हणून आत तापमानाबरोबर उलट बदलणारी भरपाई घालतात, पण ती पुरती शंभर टक्के बसत नाही. वैशाखातली आपली दुपार आणि रात्र यांत किती अंतर असतं ते तुम्हीच ट्रॉलीवर अनुभवलंय.

यंत्र 20 मिनिटं आधी चालू करून ठेवा, सूर नंतर लावा. वाऱ्याच्या तोंडावर ठेवू नका, जनरेटरच्या धगीपाशीही नको. दोन गाण्यांच्या मधे हेडफोन लावून तपासायची सवय ठेवा. हे सगळं नको असेल तर डीसीओचं, म्हणजे डिजिटल ताब्यातल्या ऑसिलेटरचं, यंत्र बघा. रोलँडच्या 1984 च्या जुनो-106 मध्ये सूर डिजिटल घड्याळाच्या ठोक्यावर बांधलेला आहे, म्हणून तो हलत नाही. फिल्टर मात्र अ‍ॅनालॉगच.

मी टिळकवाडीत राहते, कॉलेजात आहे. हे सगळं अमेरिका-जपानचंच दिसतं. आपल्याकडे त्या काळात कुणी केलंच नाही का?

केलं की. 1969 मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूगचा मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडायचा, सिंथेसायझर आणि टेप मशिनं घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. उभारणीला अमेरिकेतून संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले होते, आणि अहमदाबादच्या संगीतकार गीता साराभाई यांचा त्यात हात होता. इथल्याच लोकांनी त्यावर काम केलं, पण काही वर्षांत ते थांबलं आणि टेपा कपाटात पडून राहिल्या. मिनिमूग अजून बाजारात यायचा होता तेव्हाची ही गोष्ट. आपल्या शाळा-कॉलेजांत विज्ञान एका मजल्यावर आणि संगीत दुसऱ्या मजल्यावर ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे असल्या गोष्टी दोन्ही मजल्यांवर कुणी सांगत नाही. तू फिजिक्सची असशील तर फूरिएचा, म्हणजे लहर पटांत फोडायचा, धडा सिंथ शेजारी ठेवून वाच.

संकेश्वरहून. पुण्याला एक जुना अ‍ॅनालॉग सिंथ विकायला आहे. बघायला जाणार आहे. काय तपासू?

हेडफोन आणि मोबाइलवरचा ट्यूनर घेऊन जा. यंत्र गार असताना चालू करायला सांगा, आधीच तापवून ठेवलेलं नको. प्रत्येक ऑसिलेटर एकेकटा ऐका. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची की ट्यूनरवर बघा: मधला सूर बरोबर आणि दोन्ही टोकं वेगळीकडे असतील तर कॅलिब्रेशनचं काम आहे, ते होतं, पण भावात धरा. रेझोनन्स पूर्ण चढवून ऑसिलेटर बंद करा. पुष्कळ फिल्टर त्या स्थितीत स्वतः शिटी देतात. मात्र काही यंत्रांत ती मुळातच नसते, म्हणून मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवा. ज्यात असायला हवी आणि येत नाही, त्यात फिल्टरचं दुखणं आहे. अटॅक, डिके शून्य करून एकेक की ठोकून बघा, सगळ्यांचा ठोका सारखा यायला हवा. बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा धूळ असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. अडाप्टर त्याच यंत्राचा आहे का, त्याचे प्लस-मायनस पिनवर कुठे आहेत, हे बघितल्याशिवाय घरी येऊन पिन खुपसू नका. माझ्या टेबलावर येणाऱ्या मेलेल्या सिंथांत अडाप्टरनं मारलेलेच जास्त असतात.